केंद्रात पेशंटचंही चालू द्या

दाखल झालेल्या पेशंटचे डोके सक्तीने भादरायचे नाही, हे भारतात कायद्यात लिहावे लागले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 20 मध्ये तशी तरतूद आहे. त्याच कलमानुसार पेशंटला हवे असतील तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे, उपचार केंद्राची कामे त्याच्याकडून सक्तीने करून घ्यायची नाहीत, काम केलेच तर त्याचा मोबदला द्यायचा आणि बायकांच्या पाळीच्या दिवसांतल्या गरजा भागवायच्या. कलम 95 नुसार कोणालाही कुठल्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती या कायद्याच्या व्याख्येतच धरलेल्या आहेत. म्हणजे 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या या कायद्याने दिलेले हक्क व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या माणसालाही आहेत.

इतक्या बारीकसारीक गोष्टी कायद्यात का याव्या लागल्या, हे व्यसनाने पोळलेल्या अनेक घरांना सांगायला नको. रात्री गाडी येते, तिघे-चौघे घरात शिरतात, झोपेतल्या माणसाला उचलतात आणि घेऊन जातात. घरचे पैसे भरून मोकळे होतात. त्यांनाही दोष देणे सोपे नाही. वर्षानुवर्षांची शिवीगाळ, मोडलेले दागिने, शाळेची राहिलेली फी आणि शेजाऱ्यांच्या नजरा यांनी ते इतके थकलेले असतात, की 'कुठेही ठेवा, पण ठेवा' एवढेच त्यांच्या तोंडून निघते.

अडचण पुढे येते. महिना-दीड महिन्याने तो माणूस घरी परततो. केंद्राच्या फाटकाला कुलूप असते, नाक्यावरच्या बारला नसते. मित्र ग्लास पुढे करतो तेव्हा 'नको' म्हणायला शेजारी कोणी वॉर्डबॉय उभा नसतो. आत असताना उठायचे कधी, बोलायचे काय, गोळी कोणती, हे सगळे दुसऱ्यांनीच ठरवलेले असेल, तर बाहेर आल्यावर स्वतःचे ठरवण्याची ताकद अचानक कुठून येणार? म्हणून निवासी उपचारात पेशंटचे म्हणणे चालू देणे हा लाड नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

आधीच केंद्रापर्यंत पोचणारे फार थोडे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूचे अवलंबित्व असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळतो आणि दाखल होऊन उपचार घेणारा 180 जणांत एक असतो. त्या एकाने पहिल्या अनुभवानंतर 'पुन्हा केंद्राचे नाव काढू नका' म्हणावे, हे कोणालाच परवडणारे नाही.

धाक न घालता चालणारी केंद्रे

धाकाशिवाय हे काम जमतच नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी महाराष्ट्रातच उदाहरणे आहेत. लेखक अनिल अवचटांनी पुण्यातल्या गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि 1986 मध्ये डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसनातून बाहेर आलेलीच माणसे पुढे तिथे समुपदेशक आणि कार्यकर्ते झाली. नव्याने आलेल्या पेशंटला त्यातून न बोलता बरेच काही कळते: समोर बसलेला माणूस एकेकाळी याच कॉटवर होता.

मुंबईत 1981 मध्ये फादर जो परेरा यांनी बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा फाउंडेशन'ची सुरुवात केली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा योग यांची त्यांनी सांगड घातली. आपल्या शरीराचे आपणच ऐकायला शिकणे हा त्या मार्गाचा गाभा आहे आणि ते काम दुसऱ्या कोणाला आपल्यासाठी करता येत नाही.

उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतले. चार्ल्स डीडरिक याने 1958 मध्ये कॅलिफोर्नियात 'सिनॅनॉन' नावाची वसाहत काढली. तिथे गोल करून बसायचे आणि एकाला मध्ये घेऊन सगळ्यांनी त्याच्यावर तुटून पडायचे, हा 'गेम' म्हणजे उपचार मानला जाई. पुढे तिथे मुंडणही आले. 1978 मध्ये या संस्थेविरुद्ध लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. सिनॅनॉन बंद पडले, पण 'व्यसनी माणसाला आधी मोडावा, मग घडवावा' ही कल्पना जगभर पसरून राहिली.

ती कितपत खरी, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी तपासून पाहिले. 1993 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की समुपदेशकाने पेशंटला जितके जास्त धारेवर धरले, तितकी त्या पेशंटची दारू वर्षभरानंतर जास्त होती.

दाखल करण्याआधी

'बीपी तपासून येऊ' म्हणून गाडीत बसवायचे आणि केंद्राच्या दारात उतरवायचे, हा प्रकार टाळावा. फसवून आणलेला माणूस पहिला आठवडा घरच्यांवरच्या रागात घालवतो. घरच्यांनी दिवसाची वेळ आणि शुद्धीतला क्षण पाहून सरळ बोलावे. उपचार घ्यायचे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा दोन-तीन केंद्रांची माहिती समोर ठेवावी आणि त्यातले कोणते, सोमवारी की पगार झाल्यावर, सोबत बायको हवी की भाऊ, हे त्याला ठरवू द्यावे.

केंद्र निवडताना काही प्रश्न थेट विचारावेत आणि शक्य असेल तर ते पेशंटसमोरच विचारावेत. केंद्राची नोंदणी आहे का आणि कोणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ कोण, ते किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कोण बघते, कुठल्या हॉस्पिटलात नेतात? फोन आणि भेटी केव्हा? तक्रार कोणाकडे करायची? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: पेशंटने 'मला जायचंय' म्हटले तर काय करता? 'जाऊच देत नाही, काळजी करू नका' असे अभिमानाने सांगणाऱ्या केंद्रापासून दूर राहिलेले बरे.

याचे कायदेशीर उत्तर असे आहे. स्वतःहून, समजून-उमजून दाखल झालेला प्रौढ पेशंट 'स्वतंत्र पेशंट' ठरतो. त्याने डिस्चार्ज मागितला तर तो द्यावा लागतो. त्याची अवस्था गंभीर वाटली तर तपासणीसाठी जास्तीत जास्त 24 तास थांबवता येते. निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसलेल्या, स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असलेल्या माणसाला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून कलम 89 खाली दाखल करता येते. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो आणि असे दाखल ठेवण्याची मुदत 30 दिवसांपर्यंत असते. बायकोची सही आणि भरलेले पैसे एवढ्यावर कोणाला महिनोन्‌महिने कोंडून ठेवता येत नाही.

पहिला आठवडा: काय होणार ते आधी सांगा

दारू एकदम थांबली की सहसा 6 ते 12 तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या 48 तासांत फिट येण्याचा धोका असतो. काहींना दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलू लागतात. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या घरी किंवा डॉक्टर नसलेल्या केंद्रात दारू अचानक तोडू नये.

डॉक्टर किंवा नर्सने हे सगळे पेशंटला साध्या मराठीत आधी सांगावे. 'आज रात्री हात जास्त थरथरतील, ही गोळी त्यासाठी आहे. चार-पाच दिवसांत डोस कमी करत नेऊ. हे इंजेक्शन बी-1 चं आहे, मेंदूला इजा होऊ नये म्हणून.' एवढ्या तीन वाक्यांनी भीती बरीच उतरते. काय होणार हे माहीत असलेला माणूस थरथर सोसतो. माहीत नसलेल्याला आपल्याला काहीतरी भलतेच दिले असे वाटते.

पेशंटकडून हवी असते ती खरी माहिती. रोज किती क्वार्टर, शेवटचा पेग केव्हा, सोबत झोपेच्या गोळ्या होत्या का, पूर्वी कधी फिट आली होती का. 'खरं सांग, नाहीतर बघ' या सुरात विचारले की माणूस आकडा निम्म्यावर आणतो आणि औषधाचा डोस चुकतो. 'आकड्यावरून कोणी काही म्हणणार नाही, गोळीचं माप त्यावर ठरतं' असे सांगितले की खरा आकडा बाहेर येतो.

या दिवसांत डोके धूसर असते. कागदांवरच्या सह्या, नियमांची यादी, औषधांची माहिती हे सगळे आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा शांतपणे समजावून सांगावे. पहिल्या दिवशी मान हलवली म्हणजे समजले असे धरू नये.

'मला इथून ने'

चौथ्या-पाचव्या दिवशी घरी हमखास असा फोन येतो. जेवण वाईट आहे, माणसे बरी नाहीत, मी आता ठणठणीत आहे, उद्याच गाडी घेऊन ये. घरचे एक तर विरघळतात, नाहीतर 'आता महिनाभर फोन करू नकोस' म्हणून तोडतात.

दोन्ही टाळून आधी नेमके काय झाले ते विचारावे. कोणी हात उगारला, अपमान केला, औषध नाकारले, कोंडून ठेवले असे काही असेल तर त्याच दिवशी केंद्रात जाऊन पेशंटला एकटे भेटावे. तसे काही नसेल तर त्याचा त्रास नाकारू नये. 'तुला तिथं नकोसं झालंय हे कळतंय. आजची रात्र काढशील का? उद्या दुपारी आपण समुपदेशक मॅडमसमोर बसून बोलू आणि मग तू ठरव.' तलफेची लाट बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. एक रात्र तर कितीतरी मोठी. दुसऱ्या दिवशी मात्र दिलेल्या वेळी जावेच. शब्द पाळला गेला तर पुढच्या वेळी तो थांबतो.

समुपदेशकाने काय विचारावे

मिलर यांनी 1983 मध्ये ज्या पद्धतीवर पहिला लेख लिहिला आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत जिचे पुस्तक केले, त्या प्रेरणादायी मुलाखतीचे एक साधे साधन कोणालाही वापरता येते. शून्य ते दहाच्या पट्टीवर पेशंटला विचारायचे: दारू सोडणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते? समजा, संवाद असा झाला.

'चार.'

'चार का? दोन का नाही म्हणालात, दादा?'

'दोन कसं म्हणू मॅडम. पोरगी बोलत नाही माझ्याशी.'

'आधी बोलायची?'

'स्टँडवर घ्यायला यायची मला. सायकल घेऊन.'

'दहा का नाही?' असे विचारले असते तर त्याने न सोडण्याची कारणे मोजली असती. 'दोन का नाही?' विचारल्यावर सोडण्याचे कारण त्याच्याच तोंडून आले. उपचाराच्या आराखड्यात आता 'संपूर्ण व्यसनमुक्ती' या छापील ओळीच्या खाली त्याच्या शब्दांतली ओळ येऊ शकते: मुलीने पुन्हा स्टँडवर यावे. आराखड्याची एक प्रत त्याच्याकडे असावी आणि दर आठवड्याला त्यात त्यानेच बदल सुचवावेत.

रोजच्या दिवसातली सत्ता

केंद्राला शिस्त लागतेच. सकाळचा व्यायाम, प्रार्थना, ग्रुप, दुपारचे जेवण, लेक्चर, शेअरिंग असा दिवस बांधलेला असतो आणि विस्कटलेल्या माणसाला त्या बांधणीचा आधारही वाटतो. पण प्रत्येक नियमामागचे कारण सांगता आले पाहिजे. मोबाइल जमा का करतात? कारण पहिल्या दिवसांत पुरवठा करणारा आणि पिणारा मित्र दोघेही त्यातच असतात. मग केंद्राच्या फोनवरून घरी बोलण्याची ठरलेली वेळ द्यावी. कुटुंबाशी, बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवणे हा पेशंटचा हक्क कायद्याने मान्य केला आहे आणि कोणाला भेटायचे नाही हे ठरवण्याचाही.

कामाचे तसेच. आपले ताट आपण धुणे, पाळीपाळीने अंगण झाडणे वेगळे. संचालकांच्या घराचे रंगकाम किंवा शेतातली खुरपणी 'थेरपी' म्हणून करून घेणे वेगळे. आठवड्यातून एकदा वॉर्डची बैठक घ्यावी, पेशंटनी आपला प्रतिनिधी निवडावा, जेवणापासून दिव्यांच्या वेळेपर्यंतच्या तक्रारी वहीत लिहाव्यात आणि पुढच्या बैठकीत प्रत्येक तक्रारीचे काय झाले ते वाचून दाखवावे. 'संध्याकाळचा चहा साडेपाचला करा' ही मागणी मान्य झाली, एवढ्यावरही माणूस सावरून बसतो. वर्षानुवर्षांत त्याने शुद्धीत राहून मागितलेली आणि मिळालेली ती पहिली गोष्ट असू शकते.

एखादा पेशंट अंगावर धावून आला तर? अगदी तातडीचा धोका टाळण्यासाठी, दुसरा इलाजच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने आणि गरजेपुरत्याच वेळेसाठी शारीरिक आवर घालता येतो आणि त्याची नोंद ठेवावी लागते. शिक्षा म्हणून बांधणे आणि एकांतकोठडी यांना कायद्यात जागा नाही. 'आमचा यशस्वी पेशंट' म्हणून त्याचा फोटो संमतीशिवाय माध्यमांना देण्यालाही नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी काळजी हवी. दारू किंवा गोळ्यांच्या आहारी गेलेली बाई पुरुषापेक्षा जास्त लपवली जाते, तिच्यासोबत केंद्रात येणारे कमी असतात आणि तिचा जीव मुलांत अडकलेला असतो. स्वतंत्र विभाग, बाई समुपदेशक, मुलांशी रोज बोलण्याची सोय आणि घरात मारहाण होत असेल तर डिस्चार्जनंतर कुठे राहायचे याचा तिच्या संमतीने केलेला विचार, या चार गोष्टी तिच्या केंद्राबद्दल आधी विचाराव्यात.

चोरून औषध नको

'पेशंटला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर आणि छोट्या जाहिरातींत वर्षानुवर्षे दिसतात. भाजीत, चहात पूड मिसळायची. त्या पुडीत काय आहे हे कळायला मार्ग नसतो. त्यात डायसल्फिराम असेल आणि तो माणूस वरून दारू प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्याचा जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते.

हेच औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, पूर्ण माहिती देऊन घेतले तर उपयोगी पडते. सकाळी गोळी कोणाच्या हातून घ्यायची हे पेशंटने निवडावे. बायकोच्या हातून घेताना पहारा वाटत असेल तर आई किंवा भाऊ चालतो. गोळी देणाऱ्याने 'काल प्यायलास का' असे विचारायचे नाही आणि पेशंटने गोळी घेऊन 'बरं' एवढे म्हणायचे, असा करार केंद्रातच लिहून ठेवता येतो.

डिस्चार्जचा कागद त्याच्या अक्षरात

बाहेर पडण्याच्या आठवडाभर आधी पेशंटने स्वतःच्या हाताने एक कागद लिहावा. धोक्याचे दिवस कोणते: पगाराची तारीख, गटारी, धुळवड, मित्राच्या लग्नाची वरात, 31 डिसेंबर. धोक्याच्या जागा आणि माणसे कोणती. तलफ आली तर पहिला फोन कोणाला, दुसरा कोणाला. एटीएम कार्ड पहिले तीन महिने कोणाकडे ठेवायचे, हे काढून न घेता त्यानेच सुचवावे आणि परत घेण्याची तारीखही लिहावी. फॉलोअपच्या तारखा आणि जवळच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) मीटिंगचा वार त्यात असावा. घरच्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून सगळे हिशेब विचारू नयेत, पण घरातल्या एखाद्या निर्णयात, मुलाच्या क्लासपासून गॅसच्या नंबरापर्यंत, त्याला घ्यायला सुरुवात करावी.

घसरण झाली तर काय, हेही त्याच कागदावर हवे. एकदा प्यायल्यावर 'आता सगळंच संपलं' या विचाराने माणूस सलग पीत सुटतो, हे अ‍ॅलन मार्लाट यांनी 1980 च्या दशकात मांडले आणि त्यावरून घसरण रोखण्याची पद्धत उभी राहिली. 'प्यायलो तर त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करीन' ही ओळ म्हणूनच लाजिरवाणी मानू नये. गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. उपचारानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचाच डोस आता श्वास थांबवू शकतो.

पुन्हा दाखल व्हायची वेळ आली तर काय करावे, हेही शुद्धीत असताना ठरवता येते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 5 नुसार कोणत्याही प्रौढ व्यक्तीला आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे नियमांनुसार लेखी पूर्वनिर्देशात सांगून ठेवता येते. कलम 14 नुसार साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानिशी, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. तो नवरा, बायको, भाऊ किंवा अगदी विश्वासातला मित्रही असू शकतो. कोणत्या केंद्रात न्यावे, कोणत्या डॉक्टरांना फोन करावा, कोणत्या औषधाचा पूर्वी त्रास झाला, हे पूर्वनिर्देशात यावे आणि त्याची एक प्रत घरी, एक केंद्रात राहावी. केंद्रात हक्क डावलले गेले तर तक्रार आधी केंद्राच्या वैद्यकीय प्रमुखाकडे आणि दाद मिळाली नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे करता येते. मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्कही पेशंटला आहे. केंद्र शोधण्यासाठी किंवा नुसते बोलण्यासाठी सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकांवर फोन करता येतो. टेलि-मानसवर मराठीतही बोलता येते आणि फोन पेशंटनेच करावा, अशी अट नाही; घरच्यांनीही केला तरी चालतो.